गोठवलेलं वर्ष

सव्वाआठला ठराव मंजूर झाला:
नदीकाठचा पुनर्विकास विभाग आजपासून बंद.
सातांपैकी सहा सभासद हजर,
ऐकायला तिघे, त्यातला एक नुसता ऊब घ्यायला आलेला.
आकडे मी वाचले.
सव्वीस वर्षं मीच वाचतेय.

ऑरेगनमधलं आमचं गाव लहान.
लाकडाची गिरणी बंद पडली
तेव्हा त्या बेचाळीस एकरांची सगळी किंमत
आम्ही एका दिवसात गोठवली:
गंजलेली शेड, दोन पेट्रोल पंप, त्यातला एक बुजलेला,
लाँड्री, चर्चचं भांडार, ऑर्विल टेगमायरचं चांभारकामाचं दुकान.
एक कोटी नव्वद लाख डॉलर.
कायद्यातला शब्दच तो, गोठवलेला पाया.
त्या रेषेखालचा कर जायचा तिथेच जाणार,
शाळेला, वाचनालयाला, आगीच्या बंबांना.
रेषेच्या वर जे उगवेल ते त्या रस्त्याचं.
रस्त्यानं आपल्या उद्याच्या किमतीवर
आज कर्ज काढायचं, त्यातून दिवे लावायचे,
दिव्यांनी किंमत वाढवायची,
वाढीनं कर्ज फेडायचं.
बाजारात तुरी.
पण रोखे विकले गेले, आणि पहिल्या रात्री
मीही टाळ्या वाजवल्या.

पाच वर्षं काही उगवलं नाही.
व्याज मात्र वेळेवर यायचं.
मग नगर परिषद पाणीपट्टीतून
पुनर्विकास मंडळाला उसने द्यायची.
मंडळ म्हणजे कोण? तेच सात जण.
मधे पाच मिनिटं कॉफी,
समोरच्या नावाच्या पाट्या उलट्या करायच्या,
मागच्या बाजूला मंडळाचं नाव,
आणि त्याच खुर्चीत बसून
स्वतःचे आभार मानायचे.
बंबवाल्यांची प्रमुख लोरेटा क्वाम
दर वसंतात मागच्या रांगेतून विचारायची,
"रेषेवरच्या घराला आग लागली
तर रेषेखालच्या पैशात किती मजल्यांपर्यंत विझवू?"
इतिवृत्तात मी लिहायचे:
एका नागरिकाने शंका उपस्थित केली.

दर्शनी भाग सुधारण्यासाठी अनुदान होतं.
अर्धा खर्च आमचा,
पण आधी काम, मग बिल, मग आमचा अर्धा.
ऑर्विल तीनदा आला.
बोटांना डिंक, अर्जावर डिंकाचे ठसे.
"आधीचा अर्धा कुठून आणू?" म्हणाला.
मी नियम वाचून दाखवला.
नियम मला चांगला वाचता येतो.

अकराव्या वर्षी मालकानं इमारत विकली.
आता तिथे बिअर गाळतात,
तांब्याच्या टाक्या रस्त्यावरून दिसतात, सुंदर दिसतात.
दोन लाख दहा हजारांचे चौदा लाख झाले.
त्या वर्षी माझ्या तक्त्यात वाढीचा रकाना
पहिल्यांदा भरून वाहिला, पाणीपट्टीचं देणं फिटलं.
अकरा लाख नव्वद हजार.
त्यात किती फुटपाथ, किती दिवे,
आणि एक माणूस निघून गेल्याचे किती,
हे वेगळं काढायची सोय तक्त्यात नाही.
तीस मैलांवर, मुलाच्या गॅरेजमध्ये
तो अजून टाचा लावतो, असं ऐकलं.
मी गेले नाही.

योजना फसली असं कुणी म्हणू नये.
अकरा कोटी चाळीस लाख. कर्ज शून्य.
जुलैपासून गोठलेलं सुटेल,
शाळेला वाद्यवृंदाचा शिक्षक मिळेल,
लोरेटाच्या जागी आलेल्या पोराला नवी शिडी.
हे मी आज वाचलं तेव्हा
माझा आवाज जरा चढलाच.

सभेनंतर पाट्या गोळा केल्या.
उलटी बाजू आता कुणालाच नको.
फायली आवरताना तो अर्ज सापडला:
रंग, एक काच, पाटीवरची अक्षरं,
एकूण तीन हजार आठशे साठ.
आमचा अर्धा एकोणीसशे तीस.
नियमानं सहा वर्षं जपायचा, मग फाडायचा.
सहा वर्षं कधीच उलटून गेली.

खोक्यांवर चिठ्ठ्या लावल्या. बंद, बंद, बंद.
तो अर्ज ज्यात ठेवला
त्यावर लिहिलं: चालू.